पोराला हे कोणी शिकवलं?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून ते थोडक्यात सांगते. तुम्ही यावल तालुक्यातले. केळीची बाग आहे. घरात आई-वडील, पत्नी, सहा वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. गेल्या पाच-सहा महिन्यांपासून मुलगा आईवर ओरडतो, ताट सरकवून देतो, बहिणीला चापट मारतो. परवा तर त्याने कागदाची बारीक गोळी तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, दोनदा थाप मारली आणि ओठाखाली ठेवली. अगदी त्याचे आजोबा, म्हणजे आप्पा, तंबाखू ठेवतात तशी. तुम्ही रागावलात तर म्हणाला, "आप्पा बी तसंच करतस ना." तुमचे प्रश्न असे: त्याला हे शिकवलं कोणी? दहा वेळा समजावलं, दोनदा फटकेही दिले, तरी फरक नाही, असं का? मोबाइलमुळे झालं असेल का? शाळा बदलू का? की डॉक्टरला दाखवू?

डॉक्टरचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त काळजी तुम्हाला त्याचीच लागलेली दिसते. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून हा आजार वाटत नाही. शाळा बदलूनही काही साधणार नाही. आणि शिकवलं म्हणाल, तर कोणीच नाही. त्याने ते बघून उचललंय. मी बारा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यानंतरची एकोणीस वर्षं मुलांच्या आणि पालकांच्या समुपदेशनात गेली. "आम्ही तर असं कधी शिकवलं नाही" हे वाक्य माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक आई-बापाने म्हटलंय, आणि प्रत्येक जण खरंच बोलत होता.

मला स्वतःला ही गोष्ट पुस्तकातून कळली नाही. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. मधल्या सुट्टीत पोरी कडुलिंबाखाली शाळा-शाळा खेळत होत्या. 'बाई' झाली होती ती मुलगी वर्गात तोंड उघडत नसे. घरी अहिराणी, शाळेत मराठी, त्यामुळे बिचकून असायची. मी ओसरीवरून बघत होते. तिने हातात काडी घेतली, मान जराशी तिरकी केली आणि समोरच्या पोरीला म्हणाली, "ऊठ. कालचं आज विसरलीस, मग आजचं उद्या काय सांगशील?" आणि काडी तळहातावर दोनदा आपटली. ते वाक्य माझं होतं. तिरकी मान माझी होती, काडी आपटणंही माझं. वर्षभर मी त्या पोरींना 'एकमेकींशी गोड बोला, कोणाला हिणवू नका' असं सांगत आले होते. त्यातला एक शब्दही त्या खेळात नव्हता. ती मुलगी काही शिकत नाही असा शेरा मी तिच्या नावापुढे लिहून ठेवला होता. ती शिकत होती, आणि मीच शिकवत होते. त्या दिवशी घरी जाताना एसटीत मला रडू आलं.

बघून शिकण्याचा हा विषय ज्या माणसाने आयुष्यभर अभ्यासला त्याचं नाव अल्बर्ट बांडुरा. कॅनडातल्या एका छोट्या गावात १९२५ साली जन्म, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक, २०२१ मध्ये वारले. त्या काळी तिकडच्या बऱ्याच मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की, माणूस स्वतः करतो, त्याचं बक्षीस किंवा शिक्षा त्याला मिळते, आणि त्यातून तो शिकतो. बांडुरांना हे अपुरं वाटलं. प्रत्येक गोष्ट स्वतः करून, चटके खाऊनच शिकायची म्हटली तर माणूस जगेल कसा? चूल भाजते हे कळायला घरातल्या प्रत्येकाला हात भाजून घ्यावा लागत नाही.

१९६१ मध्ये त्यांनी दोन सहकारी संशोधिकांसोबत एक प्रयोग केला. विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं घेतली, ३६ मुलगे आणि ३६ मुली, साधारण तीन ते पावणेसहा वर्षांची. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारले, लाकडी हातोडीने झोडलं, वर फेकलं, आणि तोंडाने 'हाण', 'मार' अशा अर्थाचे ठरावीक शब्द उच्चारले. काहींसमोर तोच मोठा माणूस शांतपणे खेळण्यांशी खेळत बसला. काहींना कोणीच दाखवलं नाही. नंतर मुलांना आधी छान खेळणी देऊन लगेच काढून घेतली, म्हणजे थोडी चिडचीड व्हावी, आणि मग बाहुला ठेवलेल्या खोलीत सोडलं. ज्यांनी मारहाण पाहिली होती त्यांनी तीच मारहाण केली, त्याच पद्धतीने, तेच शब्द वापरून. कोणी त्यांना 'असं कर' म्हटलं नव्हतं.

त्या अहवालातली एक बारीक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. मारणारी व्यक्ती बाई असली की काही मुलांना ते खटकलं. बायकांनी असं वागायचं नसतं, अशा अर्थाचं ती बोलली. पुरुषाने मारलं तेव्हा मात्र त्यांना त्यात कौतुक वाटलं, आणि मुलग्यांनी त्याची नक्कल जास्त केली. म्हणजे चार-पाच वर्षांच्या वयात, राग कोणाला शोभतो आणि कोणाला नाही, हेसुद्धा ती मुलं घरीदारी बघून शिकून आली होती. तुमचा मुलगा आजीवर ओरडतो का, आप्पांवर ओरडतो का, असं मी विचारणार होते. पण आईबद्दल तुम्ही आधीच लिहून ठेवलंय, "फक्त तिच्यावर". त्या 'फक्त'कडे जरा वेळ बघा.

आता तो प्रयोग सांगते जो मला तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा वाटतो. १९६५ साल, यावेळी ६६ मुलं. त्यांना पडद्यावर एक छोटी फिल्म दाखवली. त्यात एक मोठा माणूस बाहुल्याला मारतो. फिल्मचे शेवट तीन. एकात त्या माणसाला शाबासकी आणि खाऊ मिळतो. दुसऱ्यात त्याला रागावून शिक्षा होते. तिसऱ्यात काहीच होत नाही. मग मुलांना खोलीत मोकळं सोडलं. शिक्षेचा शेवट पाहिलेल्यांनी नक्कल सगळ्यात कमी केली. इथवर कोणालाही पटेल. पण पुढे मुलांना सांगितलं, फिल्ममधला माणूस काय काय करत होता ते करून दाखव, प्रत्येक गोष्टीला चित्रं आणि फळांचा रस मिळेल. तेव्हा तिन्ही गटांतली मुलं सारखीच निघाली. ज्यांनी आधी काहीच केलं नव्हतं त्यांनाही बाकीच्यांइतकंच येत होतं. बघितलेलं त्यांच्या आत जाऊन बसलं होतं, बाहेर यायला कारण हवं होतं.

म्हणून "पाच-सहा महिन्यांपासून अचानक" असं तुम्ही म्हणता, त्यातलं 'अचानक' मला खरं वाटत नाही. ते कदाचित दोन वर्षं आत साठत होतं. त्याला शाळा लागली, बहीण चालायला लागून त्याच्या वस्तूंना हात लावू लागली, घरातली त्याची जागा हलली, आणि वापरायची वेळ आली.

तुमच्या पत्रातली एक ओळ इथे परत लिहिते, राग मानू नका. "माझा आवाज मोठा आहे, पण दिवसभर बागेत राबून आल्यावर कोणाचा नसतो? हात मी कधी उचलला नाही. तिला माझा स्वभाव माहीत आहे, ती लगेच ताट-पाणी आणते, विषय संपतो." भाऊ, विषय तुमच्यासाठी संपतो. खाटेवर बसलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर रोज संध्याकाळी एक फिल्म पूर्ण होते: घरातला सगळ्यात मोठा, त्याला सगळ्यात आवडणारा माणूस ओरडतो, आणि दोन मिनिटांत पाणी येतं, ताट येतं, बाकीचे गप्प होतात. हा बक्षिसाचा शेवट आहे. 'आईशी नीट बोलावं' हे तुम्ही त्याला दहा वेळा सांगितलंत, पण नीट बोलून घरात कोणाचं काम लवकर झालेलं त्याने किती वेळा पाहिलं? आणि तुम्ही दिलेले दोन फटके त्याने कसे वाचले असतील? मोठ्याने लहान्याला मारलं की लहाना ऐकतो. घरात त्याच्यापेक्षा लहान एकच जण आहे.

तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही. पत्र लिहायला बसणारा बाप वाईट नसतो. मी फक्त तुमची शोधायची जागा बदलते आहे. 'याला कोणी शिकवलं' यापेक्षा 'आपल्या घरात काय केल्याने काम होतं' हे शोधा.

बघणं आणि शिकणं यांच्यामध्ये चार पायऱ्या असतात असं बांडुरांनी मांडलं: लक्ष जाणं, लक्षात राहणं, अंगाला जमणं, आणि करावंसं वाटणं. वाचायला हे कोरडं वाटतं, म्हणून आपल्याकडच्या मांड्यांवरून, म्हणजे खापरावर भाजायच्या मोठ्या पातळ पुरणपोळीवरून सांगते. खापरावरचा मांडा कोणी लिहून घेऊन शिकलेलं मी पाहिलं नाही. चुलीवर पालथं घातलेलं खापर, पुरण भरलेला सैल गोळा, तो दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि एका झोक्यात खापरावर टाकायचा. माझी मावशी मांडे करायची तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. आम्ही पोरी नुसत्या बघायचो, पण आमचं लक्ष सारखं तिच्या हातावर नसायचं. ज्या क्षणी मांडा फाटेल असं वाटायचं त्या क्षणी असायचं. पहिली पायरी ती. मूल बारा तास तुमच्याकडे बघत नसतं. ताण वाढतो, आवाज चढतो, काहीतरी फाटेल असं वाटतं, तेव्हा ते टक लावून बघतं. म्हणूनच तुमचे दिवसभराचे चांगले शब्द त्याला आठवत नाहीत आणि संध्याकाळची दोन मिनिटं आठवतात.

लक्षात राहायला मनातल्या मनात उजळणी लागते. आम्ही ओल्या मातीचे मांडे करायचो. तुमचा पोरगा कागदाची गोळी करतो, तीही उजळणीच. तिसरी पायरी अंगाची. सगळं डोक्यात असूनही माझा पहिला खरा मांडा फाटला, दुसरा फाटला, आणि पुढची तीन वर्षं फाटत राहिले. बघून कळतं, पण हाताला वळण करूनच लागतं. ओरडणं मात्र पहिल्या झटक्यात जमतं. ताट सरकवणं जमतं. राग गिळून शांतपणे मागणं हे मांड्यासारखं अवघड काम आहे. ते एकदा दाखवून येत नाही, आणि ते येत नाही म्हणून मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. चौथी पायरी, करावंसं वाटण्याची, तिच्याबद्दल वर लिहिलंच.

तंबाखूच्या गोळीचं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, आणि मला वाटतं सोडवायला ते सगळ्यात सोपं आहे. तो तंबाखूची नक्कल करत नाहीये, तो आप्पांची नक्कल करतोय. मुलं ज्याला मोठं मानतात त्याच्या निरुपयोगी हालचालीसुद्धा उचलतात. २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एक पेटी उघडून बक्षीस कसं काढायचं ते दाखवलं, आणि दाखवताना मुद्दाम काही निरर्थक क्रियाही केल्या, जसं की वरच्या भोकात काडी खुपसणं. पेटी पारदर्शक केल्यावर त्या क्रियेचा उपयोग नाही हे सरळ दिसत होतं. चिंपांझींनी ती सोडून दिली. मुलांनी पहिल्यासारखीच सगळी केली. वरवर बघता माकड शहाणं वाटतं. पण माणसाचं पोर असं धरून चालतं की मोठा माणूस करतोय म्हणजे त्यामागे काहीतरी असणार. याच विश्वासावर भाषा, स्वयंपाक, शेती, सणवार एका पिढीकडून दुसरीकडे गेले. त्याच विश्वासावर तंबाखूची थापसुद्धा जाते.

आणि त्यात एक फसगत आहे. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकीकडे झोके आणि गौराईची गाणी, दुसरीकडे पारावर पत्त्यांचे डाव. डावामागे पोरं उभी असतात. त्यांना जिंकणाऱ्याने पैसे ओढलेले दिसतात, हशा दिसतो. हरलेला माणूस रात्री घरी जाऊन काय करतो, कोणाचं काय गहाण पडतं, हे त्या पोरांना दिसत नाही. तंबाखूचंही तेच. गोळी ओठाखाली गेली की आप्पांच्या चेहऱ्यावर आलेला निवांतपणा लगेच दिसतो. तिची किंमत वीस वर्षांनी भरली जाते, तेव्हा आजचा बघणारा तिथे नसतो. फायदा डोळ्यांसमोर आणि तोटा पडद्याआड, अशा गोष्टी मुलं फार लवकर उचलतात. म्हणून 'तंबाखूने कर्करोग होतो' हे सहा वर्षांच्या मुलाला सांगून काही होणार नाही.

आप्पांशी बोला, पण पोरासमोर नको, आणि 'तुमच्यामुळे बिघडला' या सुरात तर नकोच. त्यांना फक्त सांगा की तो तुमच्यासारखा व्हायला बघतोय. मी हे वाक्य बऱ्याच आजोबांना सांगितलंय. रागावलेले फार थोडे, गप्प झालेले पुष्कळ. पुडी खाटेवर राहू नये, पोराने ती आणून देऊ नये, दुकानावर तर मुळीच पाठवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. सोडायची इच्छा झालीच तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, फोनवर मदत मिळते. आणि सोडत असतील तर लपून सोडू नये. "तलफ येतेय रे, पण आज नाही खाणार, चल जरा बागेत फिरून येऊ," हे पोराला ऐकू यावं. कारण पुढे सांगते.

मोबाइलबद्दल. पडद्यावर पाहिलेलंही मुलं उचलतात, हे १९६३ मध्येच दिसलं होतं. प्रत्यक्ष माणूस, फिल्ममधला माणूस आणि कार्टूनसारखं पात्र, तिन्ही बघून मुलांनी मारहाणीची नक्कल केली. म्हणून तो काय बघतो ते तुम्ही बघाच, आणि जेवताना फोन नको. पण तुमच्या पत्रातलं एकही वर्तन मला मोबाइलमधून आलेलं दिसत नाही. त्यात ताट आहे, चापट आहे, आप्पांची थाप आहे. सगळं घरातलंच आहे.

सगळं नकलेवर ढकलणंही चूक ठरेल. बांडुरांच्या प्रयोगांवर रास्त आक्षेप घेतले गेलेत: एकाच विद्यापीठाच्या बालवाडीतली मुलं, लगेच मोजलेला परिणाम, आणि बाहुला म्हणजे माणूस नव्हे, तो मारण्यासाठीच असतो असं मुलांना वाटलं असू शकतं. एकाच घरातली दोन भावंडं तेच बघून वेगळी निघतात हे तर तुम्हीही पाहिलं असेल. भूक, अपुरी झोप, धाकट्या बहिणीमुळे वाटून गेलेली आई, शाळेत कोणी त्रास देणं, हेही तपासा. आपल्याकडे शाळा सुटून पोर घरी येतं आणि रात्रीचं जेवण बाप बागेतून आल्यावर होतं. मधल्या वेळात त्याच्या पोटात काय असतं, हे आईला विचारा. मेंदूतल्या आरसा-पेशींमुळे, म्हणजे दुसऱ्याची कृती नुसती बघूनही जाग्या होणाऱ्या पेशींमुळे, मुलं नक्कल करतात असंही हल्ली सर्रास सांगितलं जातं. त्या पेशी १९९० च्या दशकात इटलीत माकडांच्या मेंदूत सापडल्या, शोध मोठा आहे, पण त्यावरून मुलाच्या वागण्याचा खुलासा करण्याची घाई मी करणार नाही.

आता करायचं काय. पहिलं, उद्यापासून एकदम देवमाणूस व्हायचा प्रयत्न करू नका. तो चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी मोटर जळते, मजूर येत नाहीत, आणि आवाज चढतोच. गंमत नाही, पण दिलासा देणारी गोष्ट अशी की मुलांना निर्दोष नमुना लागत नाही. गणितात मागे पडलेल्या मुलांवर डेल शंक या संशोधकाने १९८० च्या दशकात काम केलं. पहिल्यापासून फटाफट गणितं सोडवणाऱ्या मुलाचं चित्रीकरण एका गटाला दाखवलं. दुसऱ्या गटाला दाखवलेलं मूल आधी अडखळतं, 'हे जमत नाहीये' म्हणतं, मग 'सावकाश करतो' म्हणत सावरतं. मागे पडलेल्या मुलांना आपल्यासारखं वाटलं ते अडखळणारं, आणि 'मलाही जमेल' हा विश्वास त्याला बघून जास्त वाढला. म्हणून आप्पांनी तलफ लपवू नये म्हटलं. तुमचंही तेच. आवाज चढला की मध्येच थांबा आणि मोठ्याने म्हणा, "थांब, माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. परत बोलतो." मग तेच वाक्य साध्या आवाजात बायकोला बोला. पोराच्या देखत. तिने तेव्हा "हो, देते" म्हणावं, आणि शक्य तर ताट तुम्ही स्वतः घ्यायला उठावं. सुरुवातीला जीभ अडेल. घरात हसतील. तरी करा, कारण राग आलेला मोठा पुरुष मागे फिरतो आणि त्याचं काहीही कमी होत नाही, हे दृश्य त्या पोराने आजवर पाहिलेलंच नाही.

अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं काम बघायचे. त्यांच्याबद्दल आपल्या भागात अजून सांगतात की मुलांच्या खोल्यांचा पसारा ते स्वतः आवरत, झाडत, आजारी मुलांची सेवा करत. कोणाला बोलत नसत. मुलांनाच मग लाज वाटायची आणि ती कामाला लागायची. मला यात त्यांच्या थोरवीपेक्षा शिकवण्याची रीत जास्त दिसते. ज्याला मुलं मोठं मानत होती तोच हातात झाडू घेत होता, आणि रोज घेत होता.

दुसरं. तो ओरडला की त्याचं काम ओरडण्याने होऊ देऊ नका, पण त्याच्यावर ओरडूही नका. आईने शांतपणे म्हणावं, "नीट माग, लगेच देते," आणि नीट मागितलं की खरोखर लगेच द्यावं, हातातलं काम टाकून. पहिले आठ-दहा दिवस तो जास्त जोराने ओरडेल. जुना उपाय चालेना की माणूस तो आधी जोरात करून बघतो. या दिवसांत घरातल्या एकाने जरी, बहुतेक आजीने, "दे गं त्याला, पोर रडतंय" म्हणून दिलं, तर आणखी जोरात ओरडलं की मिळतं हे तो शिकेल. म्हणून आजीला आधी विश्वासात घ्या.

तिसरं, बहिणीला मारलं तर आधी तिला उचला, तिच्याकडे बघा, तिच्याशी बोला. त्याच्याकडे सगळं घर वळलं तर चापट मारण्याचं बक्षीसच मिळालं. मग त्याला जवळ घेऊन एकच वाक्य: "हात लावायचा नाही, मला हाक मारायची." आणि हाक मारली की खरंच जा. फटके बंद करा, पूर्ण.

चौथं, त्याच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा, शांत स्वभावाचा एखादा चुलतभाऊ किंवा शेजारचा मुलगा असेल तर त्याच्याशी खेळणं वाढवा. १९६७ मध्ये बांडुरा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याला भिणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना, दुसरं एक मूल कुत्र्याजवळ हळूहळू जातंय, हात लावतंय, असं आठ छोट्या बैठकांत दाखवलं. बहुतेकांची भीती बरीच उतरली. समजावून सांगून जे झालं नसतं ते आपल्याच वयाच्या पोराला बघून झालं. मी हा उपाय पाण्याला भिणाऱ्या, शाळेत न बोलणाऱ्या मुलांसाठी अनेकदा वापरलाय. मोठ्यांना बघून मूल म्हणतं, 'ते मोठे आहेत, त्यांना जमतं.' बरोबरीच्याला बघून ही पळवाट उरत नाही.

डॉक्टरला दाखवायची वेळ कधी, तेही लिहून ठेवते. मुक्या जनावरांना मुद्दाम इजा करायला लागला, स्वतःला मारून घेऊ लागला, बोलणं किंवा झोप बिघडली, शाळेतूनही त्याच तक्रारी येऊ लागल्या, किंवा कोणाचं नाव काढताच तो घाबरतोय असं दिसलं, तर वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदत-फोनवर, मराठीतही बोलता येतं.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की बाकी पोरगा चांगला आहे, रविवारी बागेत तुमच्या मागे मागे फिरतो, ठिबकची नळी उचलून थेंब पडतोय का बघतो, आणि नसेल पडत तर ड्रिपरला बोटाने टिचकी मारतो. हे त्याला कोणी शिकवलं, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तेही त्याने तुमचंच पाहिलंय, त्याच डोळ्यांनी.

पुढचे पंधरा दिवस एक छोटी वही ठेवा. तो ओरडला किंवा त्याने मारलं की तीनच गोष्टी लिहा: त्याच्या अगदी आधी काय झालं, त्याने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा काहीतरी सापडेल. स्वतःचा आवाज चढला तर तोही त्याच वहीत लिहा, तेच तीन रकाने. तुमच्या पत्नीलाही लिहू द्या, तिला दिसतं ते तुम्हाला दिसत नसेल. वही भरली की मला परत लिहा, मग बहिणीबद्दलचं आपण नीट बघू.